खंदकातल्या लढाईचा सिनेमा भरतीच्या पोरांना दाखवावा का?

ओट्यावरचा मास्तर

राम राम मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात शिक्षक आहे. संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत अभ्यासिका चालवतो. चौदा पोरं येतात, त्यातली नऊ सैन्यभरतीच्या मागे लागली आहेत. पहाटे चारला डांबरी रस्त्यावर पळतात आणि मी घड्याळ घेऊन सायकलवर त्यांच्या मागे. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत बसवायचं, हा एकच ध्यास.

मागच्या आठवड्यात रात्री मोबाइलवर ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ पाहिला. २०२२ चा, जर्मन भाषेतला. पहिल्या महायुद्धातल्या खंदकांचा सिनेमा. काळ १९१७ चा. सतरा वर्षांचा पॉल घरच्यांच्या परवानगीच्या कागदावर स्वतःच सही ठोकतो आणि दोस्तांसोबत भरती होतो. त्याआधी शाळेत त्यांना एक जोरदार भाषण ऐकवलेलं असतं. पोरं ऐकून पेटून उठतात.

पण माझी झोप उडाली ती सुरुवातीच्या एका प्रसंगाने. एक शिपाई हल्ल्यात मरतो. त्याचा कोट उतरवतात, गठ्ठ्यात बांधतात, हौदात टाकतात, पाणी लाल होतं. मग मोठ्या हॉलमध्ये ओळीने शिलाई मशीन, आणि बायका गोळ्यांची भोकं शिवत बसलेल्या. तोच कोट घडी करून पॉलच्या हातात येतो. कॉलरच्या आत दुसऱ्याच्या नावाची पट्टी. पॉल म्हणतो, साहेब, हा दुसऱ्या कोणाचा दिसतो. साहेब पट्टी फाडून टाकतो. म्हणतो, त्याला लहान झाला असेल, असं नेहमीच होतं.

भाषणाच्या प्रसंगात मला मीच दिसलो. दर २६ जानेवारीला मी तसंच बोलतो. खोटं बोलत नाही, मनापासून बोलतो. पण खंदकात काय असतं ते मला माहीत नाही आणि माझ्या पोरांनाही नाही. हा सिनेमा त्यांना दाखवावा का? की पळायच्या तोंडावर त्यांच्या पायात दगड बांधल्यासारखं होईल?

पऱ्हाटीवाला

दाखवा मास्तर. पोट्टे काई कुकुले बाळ नाईत. मोबाइलवर तोफा-बंदुकीचे गेम रात्रभर खेळतेत, तिथं मेलं की परत उठते. एकदा न उठणारा माणूस पाहू द्या त्याईले.

संत्र्याची बाग

माझं मत वेगळं आहे. मी मोर्शीची. धाकटा भाऊ तीन वर्षांपासून सैन्यात आहे. तो गेला तेव्हापासून आई बातम्या लावत नाही. कुठे काही झालं असं शेजारणीने नुसतं म्हटलं, तरी तिच्या हातातली पोळी करपते. भावाचा फोन येईपर्यंत ती जेवत नाही. तो आधी विचारतो, आई जेवली का, आणि मग खोटं बोलायची वेळ माझ्यावर येते.

पोरांना दाखवा, माझी ना नाही. पण त्यांच्या आयांना न विचारता दाखवू नका. त्या पॉलने घरच्यांची सही स्वतः केली म्हणता ना? तुमच्याकडे तसं व्हायला नको.

ओट्यावरचा मास्तर

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आधी घरोघरी जाऊन विचारतो.

चित्रवेडा नागपूर

मास्तर, निवड उत्तम आहे, पण थोडी माहिती देतो, ठरवायला बरं पडेल.

मूळ कादंबरी १९२९ ची, एरिक मारिया रेमार्कची. तो स्वतः कोवळ्या वयात आघाडीवर होता आणि १९१७ मध्ये तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. पहिला सिनेमा १९३० मध्ये अमेरिकेत लुईस माइलस्टोनने केला, त्याला सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्याच वर्षी डिसेंबरात बर्लिनमध्ये तो लागला, तेव्हा नाझी पक्षाच्या गोबेल्सच्या माणसांनी थिएटरात पांढरे उंदीर सोडले, घाण वासाच्या कुप्या फोडल्या आणि खेळ बंद पाडला. काही दिवसांत सरकारनेच त्यावर बंदी घातली. १९३३ मध्ये नाझींनी पुस्तकाची होळी केली. एका सिनेमाची एवढी धास्ती त्यांनी घेतली, ती त्यात शिपाई शिपायासारखा दिसतो म्हणून.

आता मुद्द्याचं. नव्या सिनेमात चित्रण जबरदस्त आहे. चार ऑस्कर मिळाले, त्यात छायाचित्रणाचंही आहे. पण पुस्तकातला एक मोठा भाग त्यांनी गाळला. पॉल सुट्टीवर घरी येतो, तो भाग. जुन्या सिनेमात तो आपल्या शाळेत जातो, तोच मास्तर नव्या पोरांना तेच भाषण देत असतो. पॉलला बोलायला सांगतात, तो खरं ते सांगतो आणि पोरं त्यालाच भित्रा म्हणतात. तुमच्या प्रश्नाला हा प्रसंग जास्त लागू पडतो. जमलं तर तो जुना भागही दाखवा.

उलट नव्या सिनेमातला तहाच्या वाटाघाटींचा भाग पुस्तकात नाही. इतिहास मात्र खरा आहे. ११ नोव्हेंबर १९१८ ला पहाटे पाचनंतर कॉम्पिएन्याच्या जंगलात रेल्वेच्या डब्यात सह्या झाल्या, पण युद्ध थांबणार होतं सकाळी अकराला. मधल्या तासांतही माणसं मरत राहिली. सह्या झालेल्या असूनही.

धानाचा बांध

गोंदियाहून. सिनेमा आम्ही चौघांनी मिळून पाहिला. खंदकात गुडघ्याएवढं पाणी पाहून माझ्या वहिनीच्या तोंडून पहिला शब्द निघाला, “चिखल्या!” रोवणीच्या दिवसांत बायका दिवसभर बांधीत वाकून असतात, पायाच्या बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून सोलतात, चालवत नाही. रात्री मेंदी नाहीतर हळदतेल लावून बसतात. ती म्हणाली, आपलं पंधरावीस दिवसांचं आहे, अन् संध्याकाळी चुलीपुढे पाय शेकता येतात. हे पोट्टे बूट घालूनच झोपतात का?

कंपाउंडर काका

धानभाऊ, वहिनींचं निरीक्षण बरोबर, पण दोन्ही रोग वेगळे. चिखल्या म्हणजे मुख्यतः ओलीने कातडी सोलते आणि त्यात बुरशी धरते. खंदकातल्या पायाचं दुखणं बुरशीचं नव्हे. थंडी, ओल आणि घट्ट बूट यांनी पायाचं रक्त फिरणंच मंदावतं. पाय आधी बधिर होतो, सुजतो, रंग बदलतो, आणि बिघडलं की सडतो. मग कापण्यावाचून इलाज नाही. म्हणून ब्रिटिशांनी नियमच केला की रोज मोजे बदला, पाय कोरडे करा आणि देवमाशाचं तेल चोळा. शिपायांना जोड्या लावून दिल्या, एकाने दुसऱ्याचे पाय पाहायचे.

आमच्या दवाखान्यात पावसाळ्यात असे पाय रोज येतात. मी साखरेच्या पेशंटला पहिलं वाक्य हेच म्हणतो, बाप्पा, घरच्या माणसाले पाय दाखवत जा.

निवृत्त हवालदार

बुलढाणा जिल्ह्यातून लिहितो. पायदळात सतरा वर्षे काढली. सिनेमा मुलाने लावून दिला, दोन बैठकांत पाहिला.

पहिली गोष्ट शब्दाची. आम्ही खंदक म्हणत नाही, मोर्चा म्हणतो. भरती झाल्यावर सगळ्यांना वाटतं बंदूक हातात येईल. येते, पण तिच्याइतकंच बेलचा आणि गैंती हातात येते. मी वावरात राबलेला माणूस, तरी पहिल्या मोर्चाने हाताला फोड आले. आपल्याकडे काळी जमीन कुदळीला वाट देते. डोंगरावर गैंती मारली की ठिणगी उडते आणि दोन बोटं खड्डा पडतो.

मोर्चा सरळ नसतो, नागमोडी असतो. सरळ चर असला तर शत्रू एका टोकाला शिरला की दुसऱ्या टोकापर्यंत गोळी मारत जाईल, आणि आत पडलेल्या गोळ्याचे तुकडे सगळ्यांना लागतील. म्हणून दर थोड्या अंतरावर वळण. सिनेमात पोरं धावतात तेव्हा ती वळणं नीट दाखवली आहेत. मला समाधान वाटलं, कोणीतरी जाणत्याला विचारलं असणार.

दुसरी गोष्ट, स्टँड-टू. उजाडायच्या आधी आणि अंधार पडताना सगळे आपल्या मोर्चात हत्यार घेऊन उभे राहतात, कारण हल्ला याच वेळी होतो असा अनुभव. शंभर वर्षांपूर्वी त्या खंदकांत हेच होत होतं आणि मी सीमेवर हेच केलं. त्या अर्ध्या तासात कोणी बोलत नाही. पाखरू बोललं तरी कान टवकारतात. मला त्या वेळी नेहमी आमच्या गोठ्याचा आवाज आठवायचा. घरी याच वेळी वडील धार काढत असतील, चरवीत पहिल्या धारेचा पत्र्यासारखा आवाज येतो, तो. निवृत्त होऊन आठ वर्षे झाली, अजून त्या वेळी जाग येते. उठून गोठ्यात जाऊन उभा राहतो.

तिसरी गोष्ट चित्रवेडा यांनी लिहिलेली. सुट्टी. सिनेमातून नेमकी ती गाळली याचं मला वाईट वाटलं. पहिल्या सुट्टीवर गावात आलो, पारावर बसलो. पहिला प्रश्न आला, किती टिपले? सगळे आनंदाने विचारत होते, प्रेमाची माणसं. मी म्हटलं, दादा, तिकडे थंडी लय असते. सगळे हसले. माझा जोडीदार, ज्याच्याबरोबर मी एका मोर्चात दोन हिवाळे काढले, तो त्या आधीच्या महिन्यात गेला होता. बर्फ घसरला. गोळी नाही, शत्रू नाही. हे पारावर कसं सांगायचं? सुट्टीचे उरलेले दिवस मी वावरात काढले, पाराकडे गेलो नाही.

मास्तर, दाखवा. पण दाखवून तसेच घरी पाठवू नका. नंतर बसा त्यांच्याजवळ.

पऱ्हाटीवाला

हवालदार साहेब, वाचून डोळ्यात पाणी आलं. आमच्या गावच्या पारावर म्या बी हाच प्रश्न एका जवानाले इचारला होता. आता त्याच्या घरी जाऊन येतो.

मले एक गोष्ट लागली ते सांगतो. त्या सिनेमात पॉल अन् त्याचा दोस्त काट शेतकऱ्याच्या घरून हंस चोरतेत. सगळे मजेनं खातेत, आपल्यालेबी वाटते बरं झालं, उपाशी पोट्ट्याईले भेटलं. मंग शेवटी शेवटी अंडे चोराले जातेत अन् त्या शेतकऱ्याचं लहान पोट्टं काटवर बंदूक झाडते. सगळे लोक काटसाठी रडतेत. म्या बी रडलो. पण मी रात्री जागलीले जातो. रोही अन् डुक्कर आले की डोळ्यादेखत वर्षाची कमाई जाते. त्या पोट्ट्याच्या बापाचं वावर त्या लढाईनं पयलेच खाल्लं असन, कोंबड्या तेवढ्या उरल्या असतीन. ते पोट्टंबी मले चुकीचं वाटलं नाई. दोघंबी बरोबर अन् एक मेला. असं कसं होते हो?

अन् ते काटेरी तार. आम्ही धुऱ्यावर लावतो जनावरासाठी. तिथं माणसं अटकून लटकलेले.

कृषी पदवीधर

पऱ्हाटी भाऊ, काटेरी तार शेतीसाठीच निघाली. १८७४ मध्ये अमेरिकेत ग्लिडन नावाच्या शेतकऱ्याने तिचं पेटंट घेतलं, गुरं अडवायला. चाळीस वर्षांनी तीच तार दोन खंदकांच्या मधल्या जमिनीवर पसरली.

आणखी सांगतो, कारण माझी सगळी पदवी याच गोष्टीभोवती आहे. आपण जो युरिया टाकतो त्याच्या मुळाशी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करण्याची पद्धत आहे. ती फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाची. त्याच हाबरने क्लोरीन वायूचा हल्ला उभा केला. २२ एप्रिल १९१५, बेल्जियममधलं ईप्र. सिलिंडरच्या तोट्या उघडल्या आणि वाऱ्याबरोबर पिवळट हिरवा ढग खंदकांत उतरला. क्लोरीन हवेपेक्षा जड, म्हणून तो खालीच, माणसं जिथे लपली होती तिथे जाऊन बसला.

कापूसही यात आहे. बंदुकीची धूर न करणारी दारू कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून करायचे. सरकीला चिकटून राहणारे बारीक तंतू त्यासाठी उत्तम. म्हणून ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटनने कापूस हा युद्धाचा माल ठरवला आणि जर्मनीकडे जाणारा कापूस समुद्रात अडवायला सुरुवात केली. जखमेवरचा बोळा कापसाचा आणि जखम करणारी गोळी ढकलणारी दारूही कापसाची.

वायूचा प्रसंग पाहताना मला २०१७ आठवलं. आपल्या यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. त्या वर्षी कपाशी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा अंगावर यायचा. माझा मामा दवाखान्यात होता, वाचला. तोंडाला त्याने ओला दुपट्टा बांधला होता. वायूहल्ल्यात पहिल्या दिवसांत शिपायांनीही ओली फडकीच तोंडाला लावली होती.

चावडीवाला (व्यवस्थापक)

मंडळी, चर्चा फार मोलाची चालली आहे. कीटकनाशकांवर वेगळा धागा उघडला तर तिथेही सगळ्यांना लिहिता येईल. मूळ प्रश्न विसरू नका.

पेटीवाला

मूळ प्रश्नावर येतोच, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचं भजनी मंडळ आहे, राष्ट्रसंतांची भजनं गातो, मी पेटीवर. सिनेमात तो तीन सुरांचा भयंकर घुमारा येतो ना, भिंत हलवणारा, तो मी ऐकताक्षणी पुतण्याला म्हटलं, हा भाता आहे. तो हसला, म्हणाला काका, हे इलेक्ट्रॉनिक असतं. मग त्यानेच शोधून वाचून दाखवलं. संगीतकार फोल्कर बेर्टेलमान याने आपल्या पणजीची जुनी हार्मोनियम दुरुस्त करून तिच्यावर ते सूर वाजवले आणि मग वाढवले. त्या संगीताला ऑस्कर मिळालं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या पेटीवर ते तीन सूर खालच्या सप्तकात लावून पाहिले. भात्याचा श्वास, पट्ट्यांची खडखड, सगळं तेच. ज्या पेटीवर आम्ही गुरुवारी भजन म्हणतो, तिच्या पोटात हेही आहे, हे मला साठ वर्षांत कळलं नव्हतं. नंतर मी पेटीला हात जोडले आणि रोजचं भजन म्हटलं.

धानाचा बांध

पेटीवाले काका, रेकॉर्डिंग टाका ना इथे.

झाडीपट्टीचा गडी

आमच्याकडे वडश्याच्या बाजूला धान निघाला की नाटकांचा हंगाम. रात्री दहाला पडदा उघडला की पहाटेच उतरतो. मी लहानपणी शिपायाच्या नाटकात मेलेल्याचं काम केलंय. कुंकवाचं पाणी अंगावर ओतून पडून राहायचं. त्यावर लावणी व्हायची, कॉमेडीयन यायचा, मी तसाच पडलेला. डास चावले तरी हलायचं नाही. प्रेक्षकांत माझी आजी होती. नाटक संपल्यावर घरी आलो तर तिने माझ्यावरून मीठमोहऱ्या उतरवल्या. नातू खोटा मेला होता तरी तिला ते पाहवलं नव्हतं. मास्तर, आया येतील तर त्यांच्यासाठी मागे खुर्च्या ठेवा, मधूनच उठून जाता येईल अशा.

इतिहासाच्या बाई

वर्ध्याला शिकवते. हा धागा दोन दिवस वाचतेय. सगळे “तिकडचे शिपाई” म्हणताहेत म्हणून लिहिते. त्या खंदकांत आपली माणसंही होती.

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजनची माणसं फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागली. अंगावर उन्हाळी सुती गणवेश आणि पुढे युरोपचा हिवाळा. ऑक्टोबरात ईप्रला, मार्च १९१५ मध्ये नव्ह शापेलला ती लढली. तिथे भारतीयांचं स्मारक आहे, १९२७ चं. ज्यांची कबरही नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावं त्यावर कोरली आहेत. त्यांच्या घरच्यांना लिहिलेल्या पत्रांवर लष्कराची नजर असायची. सेन्सॉरने उतरवून घेतलेले त्या पत्रांचे भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आजही आहेत. पुष्कळांना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायचे, आणि उघड लिहिता येत नसे म्हणून आडून सुचवायचे.

१९१५ अखेर बहुतेक पायदळ मेसोपोटेमियाला, म्हणजे आजच्या इराकला हलवलं. तिथे आधीपासून सहावी पुणे डिव्हिजन लढत होती आणि तिच्यात मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत ती कूत या गावी वेढ्यात अडकली. चिखलाचे खंदक, टायग्रिसचा पूर आणि उपासमार. शेवटी शरणागती. कैदेतल्या चालीत आणि छावण्यांत असंख्य माणसं गेली. साऱ्या युद्धात दहा लाखांहून जास्त भारतीय बाहेर गेले आणि ७४ हजारांच्या आसपास परतले नाहीत. दिल्लीचं इंडिया गेट त्यांच्यासाठीच उभं केलं, हे माझ्या वर्गातल्या चाळिसांपैकी दोघींना माहीत होतं.

मास्तर, सिनेमाच्या आधी पोरांना हे सांगा. मग ते पॉलला परका समजणार नाहीत.

संत्र्याची बाग

बाई, तुम्ही लिहिल्यावर मला आजीचं आठवलं. ती तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची, “मानमोडीच्या साली पाच घरं पुसली.” मी लहान होते, मला वाटायचं मानमोडी म्हणजे हडळ असेल.

इतिहासाच्या बाई

हडळ नव्हे, १९१८ चा इन्फ्लुएन्झा. युद्धावरून येणाऱ्या जहाजांबरोबर तो मुंबई बंदरात उतरला आणि रेल्वेने आत शिरला. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि आपला मध्य प्रांत व वऱ्हाड सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांत होता. ज्या खेड्यांतून एकही माणूस लढायला गेला नव्हता तिथेही ते युद्ध असं येऊन गेलं. तुमच्या आजीच्या त्या पाच घरांची नावं कुणाला माहीत असतील तर लिहून ठेवा. ती कुठल्याच स्मारकावर नाहीत.

पऱ्हाटीवाला

बाई, त्या वावराईचं पुढं काय झालं? जिथं खंदक होते?

इतिहासाच्या बाई

बहुतेक ठिकाणी शेतकरी परतले आणि खंदक बुजवून पुन्हा नांगर धरला. पण फ्रान्समध्ये व्हेर्दूनकडच्या काही जमिनी एवढ्या विषारी आणि गोळ्यांनी भरलेल्या होत्या की तिथे शेतीला आजही मनाई आहे. काही गावं पुन्हा वसलीच नाहीत. बाकी ठिकाणी आजही नांगरताना न फुटलेले गोळे वर येतात. शेतकरी ते बांधावर काढून ठेवतात, लष्कराची गाडी येऊन नेते. तिकडे त्याला लोखंडाचं पीकच म्हणतात.

पऱ्हाटीवाला

शंभर वर्षं झाले अन् अजून धुऱ्यावर गोळे ठेवून रायले. बापा रे.

कंपाउंडर काका

मास्तर, काय ठरलं?

ओट्यावरचा मास्तर

शनिवारी दाखवला. सविस्तर लिहितो.

आधी नऊही घरी गेलो. सात आया हो म्हणाल्या, एक म्हणाली मीही येते, एक नाही म्हणाली. तिचा मुलगा आला नाही, त्याच्यावर मी जोर केला नाही. अठरा पूर्ण नसलेल्या दोघांना बसवलं नाही, ते नाराज झाले. म्हणजे पोरं सहा, आया चार आणि हवालदार साहेब. होय, साहेब स्वतः बसने दारव्ह्याला उतरले, मी मोटरसायकलवर घेऊन आलो. मागे खुर्च्या ठेवल्या होत्या. झाडीपट्टीच्या गड्याचे आभार, दोघी दोनदा बाहेर जाऊन आल्या.

आधी बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. खालच्या इंग्रजी ओळी पोरांना झेपत नव्हत्या, मी थांबवून थांबवून सांगत होतो. अर्ध्या तासाने एक पोरगा म्हणाला, सर, सांगू नका, समजते. त्यानंतर मी गप्प बसलो.

शिलाई मशीनचा प्रसंग आला. आलेल्या आयांपैकी एक गावात शिवणकाम करते, या पोरांच्या ट्रॅकपँटही तीच आखूड करून देते. ती एकदम म्हणाली, “आतून ठिगळ घालून लागते, नाहीतर दोन धुण्यात उसवते.” खोलीत कोणी काही बोललं नाही. मग तिलाच काय बोललो ते कळलं असावं, तिने पदर तोंडाला लावला. तिचा मुलगा पुढे बसला होता, त्याने मागे वळून पाहिलं आणि उठून आईच्या खुर्चीपाशी खाली जाऊन बसला. पुढचा सगळा सिनेमा तिथूनच पाहिला.

खड्ड्यातला प्रसंग, जिथे पॉल फ्रेंच शिपायाला भोसकतो आणि मग त्यालाच वाचवायला धडपडतो, त्याच्या खिशातून बायको आणि मुलीचा फोटो काढतो, तिथे मला थांबवावं लागलं. मलाच पाहवेना.

संपल्यावर हवालदार साहेब बोलले. भाषण नाही. ओट्यावर बसून काडीने मातीत मोर्चा काढून दाखवला, वळणं का असतात, कुठे झोपायचं, कुठे पाणी साचतं. पोरं वाकून पाहत होती. एकाने विचारलं, साहेब, भीती वाटते का? ते म्हणाले, वाटते, रोज वाटते, जोडीदाराला सांगायची. दुसऱ्याने विचारलं, मग आम्ही जावं की नाही? साहेबांनी काडी खाली ठेवली. म्हणाले, मी पुन्हा जन्मलो तर पुन्हा जाईन, पण तुला जा म्हणून मी सांगणार नाही आणि जाऊ नको म्हणूनही नाही. घरी बापासोबत बस, सही त्याच्याकडून घे.

रविवारी पहाटे मी चारला रस्त्यावर सायकल घेऊन उभा होतो. कोण येईल माहीत नव्हतं. सिनेमा पाहिलेल्यांतले पाच आले, न पाहिलेले तिघेही आले. सहावा आला नाही. तो दुपारी अभ्यासिकेत आला आणि म्हणाला, सर, मी तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करतो. मी त्याला पुस्तक काढून दिलं.

येत्या २६ जानेवारीला काय बोलायचं, ते अजून ठरलं नाही. साहेबांना बोलवावं म्हणतो.

निवृत्त हवालदार

बोलवा, येईन. त्या शिवणकामवाल्या ताईंना माझा नमस्कार सांगा. आणि जो आला नाही त्यालाही सांगा, पोराने नीट ठरवलं.

पेटीवाला

रेकॉर्डिंग गुरुवारी टाकतो, भजन झाल्यावर.

संत्र्याची बाग

काल रात्री भावाचा फोन आला. हा सगळा धागा त्याला वाचून दाखवायला लागले. हवालदार साहेबांच्या गोठ्याच्या आवाजापर्यंत त्याने ऐकलं. मग बराच वेळ काही बोलला नाही. मी म्हटलं, ऐकतोस ना रे? तो म्हणाला, ताई, उरलेलं उद्या वाच, पहाटे मोर्चात उभं राहायचं आहे, आता झोपू दे. आणि आईला सांग मी जेवलो, खरंच जेवलो.